पालथा हात

सांगाती नऊ प्रो या फोनची सगळी वैशिष्ट्यं प्रणिता सुतारला तोंडपाठ होती. पडदा पावणेसात इंची. बोट टेकलं की सेकंदाला दोन हजार वेळा त्याची नोंद. बॅटरी एकदा भरली की पाच दिवस बघायला नको. पाण्यात बुडवा, दुसऱ्या मजल्यावरून टाका, फोन ढिम्म. कॅमेरे चार, त्यातला एक भर अंधारातही माणसाच्या शर्टाचा रंग सांगणारा. पुण्याच्या कंपनीत तिचं कामच हे होतं. राज्यभरातल्या दुकानांतल्या विक्रेत्यांना बोलवायचं आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं, काय नाही, ते शिकवायचं. त्यातलं 'काय नाही' ती जास्त चांगलं शिकवायची.

पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं ते यातल्या कशासाठीच नाही. ते यायचं हातासाठी.

काच ती काच, तिला कुठला आलाय हात! पण सांगातीच्या काचेखाली एक पातळ पापुद्रा होता आणि त्यात केसाहून बारीक अशा लाखो पोकळ्या, त्यांत द्रव भरलेला. विजेचा इशारा मिळाला की हवी ती पोकळी फुगायची, नको ती बसायची. काचेवर सूक्ष्म विद्युतभार खेळवला की तीच काच बोटाला घडीत गुळगुळीत, घडीत खरबरीत लागायची. खाली ऊब देणारी जाळी होती. दोघांनी दोन गावांत आपापल्या फोनवर तळवा टेकवायचा, की दुसऱ्याचा हात आपल्या हाताखाली हजर. त्याच्या घट्ट्यांसकट, बोटातल्या अंगठीसकट.

मेख होती ती वेळेची. डोळा फसतो, कान फसतो, पण कातडी फसत नाही. हातात घेतलेला हात निमिषभर उशिरा हलला, तरी आपल्या मेंदूला तो मेलेला वाटतो. आणि सिग्नलला डोंगरात जाऊन यायला तेवढा वेळ तर लागणारच. म्हणून प्रत्येक फोन समोरच्या माणसाचा हात शिकून घ्यायचा. पुढच्या क्षणाला तो काय करील याचा अंदाज बांधायचा आणि तो अंदाजच तुमच्या तळव्याला द्यायचा. खरा हात मागाहून पोचायचा आणि चूक असेल तेवढी दुरुस्त करायचा. म्हणजे उत्तम नेट असतानाही तुम्हाला लागायचा तो अंदाजाचा हात. खरा हात नुसता मागून येणारा तपासनीस.

आणि तपासनीस आलाच नाही, नेट गेलं किंवा पलीकडच्यानं हात उचलला, तर? तर फोन नव्वद सेकंद अंदाजावर वेळ मारून न्यायचा. नुसता हातच नाही, आवाजही. आधी तुटलेले शब्द, मग अख्खी वाक्यं. तेवढा वेळ पडद्याच्या कडेला एक पिवळी रेघ उमटलेली असायची. या सोयीला कंपनीनं नाव दिलं होतं 'अखंड'.

प्रणितानं पहिल्या खेपेलाच दोन फोन घेतले. एक स्वतःला आणि एक आण्णांना.

आण्णा, म्हणजे हिंदुराव सुतार, छत्तीस वर्षं वीजमंडळात लाइनमन होते. गगनबावड्याच्या अलीकडे खोरणेवाडी म्हणून वस्ती आहे. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर टेकाडाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. प्रणिताची आई गेल्यापासून तिथं एकटेच राहत होते. पुण्याला या म्हटलं की "तुज्या त्या बाराव्या मजल्यावर मी काय खांबावर चढल्यागत ऱ्हाऊ व्हय?" म्हणून उडवून लावायचे.

त्यांची एक खोड होती. कशालाही पहिल्यांदा हात लावायचा तो पालथा. लाइनमनच तो. तळवा टेकवला आणि तारेत करंट असला, तर बोटं आपसूक मिटतात आणि माणूस तारेला चिकटून बसतो. पालथा हात झटक्यासरशी मागं येतो. "लाइन बंद हाय असं सायेब सांगू दे, न्हाईतर सायबाचा बाप सांगू दे, मी आदी पालथा हात लावनार," असं ते म्हणायचे, आणि तसं न करणारे त्यांचे दोन सोबती खांबावरच गेले होते. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. दाराची कडी, चहाचं पातेलं, प्रणिताचं तापलेलं कपाळ, लग्नाच्या दिवशी तिचा गाल, सगळ्याला आधी पालथी बोटं लागायची आणि मगच हात उलटून मायेचा तळवा यायचा.

फोनलासुद्धा तसंच. रोज सकाळी साडेसातला प्रणिता फोन लावायची, आणि तिच्या तळव्याखाली आधी तीन कडक पेरं टेकायची. टक टक टक. मग हात उलटायचा आणि घट्ट्यांनी भरलेला रुंद तळवा यायचा. तिला दर वेळी हसू फुटायचं.

"आण्णा, फोनला करंट नसतो हो."

"असूदे. तुला काय तरास हाय का त्याचा?"

साडेसात ही मुलीच्या डब्याची वेळ. दहा सेकंद तळवा टेकवायचा, की प्रणिताचा हात पोळपाटाकडे वळलाच. फोन ओट्यावर पडून राहायचा आणि तिकडे आण्णांच्या हाताखाली तिचा अंदाजी हात. ती लाटणं फिरवत हूं हूं करायची. "हो आण्णा, बघते मी." "गोळी घेतलीत का?" "येते लवकर, या शनिवारी नक्की." शनिवार येत होते आणि जात होते.

एकदा आण्णांनी विचारलंच. "पोरी, ही पिवळी रेघ कशाची गं उठती सारखी?"

"नेट कमी आहे आण्णा, तुमच्या डोंगरात," प्रणिता म्हणाली.

नेट चांगलं ठणठणीत होतं. उचललेला होता तो तिचा हात. खोटं बोलल्याचं तिला लागलं, पण पोळी करपायला आली होती.

त्याच आठवड्यात तिनं वरिष्ठांना अहवाल पाठवला. गिऱ्हाइकांना पिवळी रेघ आवडत नाही, असं तिनं लिहिलं. रेघ दिसली की माणसाला वाटतं समोरचा आपल्याला टाळतोय, घरात भांडणं होतात. नव्वद सेकंदांची मर्यादाही काचते. हे खरंच होतं, दुकानदार तशा तक्रारी करत होते. पण लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे दुकानदार नव्हते, हे तिचं तिला माहीत होतं.

कंपनीनं अहवालाची तत्परतेनं दखल घेतली. रविवारी अपडेट आलं. रेघ गेली, मर्यादा गेली. आता एका बाजूचं नेट पार मेलं, तरी कॉल तुटणार नव्हता, आणि त्या नंबरवर कुणीही नवा फोन लावला तरी तो उचलला जाणार होता. पुण्यात लागणारा आण्णांचा अंदाज कंपनीच्या संगणकावर चालणार होता आणि डोंगरात लागणारा प्रणिताचा अंदाज तिथल्या फोनच्या पोटात. प्रणिताच्या नावानं अभिनंदनाचा मेल फिरला.

सोमवारी सकाळी टक टक टक झालं. तळवा आला. डबा झाला.

मंगळवारी साडेसातला तिनं फोन लावला आणि तळवा आला. थेट. मऊ, उबदार, कसलीही खळखळ न करता. तिला बरंच वाटलं. म्हातारा अखेर फोनला रुळला म्हणायचा. आवाजही खणखणीत होता. "मी झ्याक हाय. तू तुजं बघ." गुडघ्याचं रडगाणं नाही, दुधात पाणी घालणाऱ्या हौसाकाकीचा उद्धार नाही.

बुधवारीही तसंच. थेट तळवा. "मी झ्याक हाय. तू तुजं बघ."

बुधवारी अकरा वाजता शिकवणी होती. विदर्भातून आलेले पंचवीस-तीस विक्रेते समोर बसलेले, आणि भिंतीवरचा मोठा पडदा ऐन वेळेला रुसला. इमारतीचा वायरमन आला. प्रणिता बोलत राहिली. ती त्या वेळी हाताची शिकवण कशी होते तेच सांगत होती.

"फोन सगळेच स्पर्श शिकत नाही बरं का. खिशात घासलं, पेर लागलं, मनगट टेकलं, हे चुकून झालेले स्पर्श. कॉल चालू असताना ते पलीकडे जातात, पण शिकवणीतून फोन ते गाळून टाकतो. तो शिकतो फक्त..."

वायरमननं पडद्याच्या लोखंडी चौकटीला हात लावला. पालथा. तीन पेरं, हलकेच. मग हात उलटून चौकट धरली.

प्रणिताचं वाक्य तिथंच राहिलं.

"मॅडम?" पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

पेर लागलं तर चुकून झालेला स्पर्श. फोन ते गाळून टाकतो. काल थेट तळवा. आज थेट तळवा. चाळीस वर्षं न मोडलेली सवय एका रात्रीत कशी मोडेल?

ती तशीच बाहेर व्हरांड्यात आली. खोरणेवाडीत आण्णांना दूध घालणारी हौसाकाकी होती, आधी तिला फोन लावला. लागेना. वाडीतल्या किराणा दुकानाला लावला. लागेना. ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, एष्टी स्टँडावरचा चहावाला, एकही नंबर लागेना. मग तिनं आण्णांना लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोल पोरी."

"आण्णा, तुमच्याकडे सगळ्यांचे फोन बंद आहेत का?"

"न्हाई गं. समदं झ्याक."

तिच्या तळव्याखाली तळवा आला. रुंद, उबदार, उजव्या अंगठ्याखाली जुनी भाजल्याची खूण. सगळं जिथल्या तिथं.

"आण्णा, माझं ऐका. हात काढा. आणि आधी पालथा लावा. नेहमीसारखा."

"लावतो की," आवाज म्हणाला, आणि तळवा आला.

"पालथा, आण्णा."

"लावतो की. जेवलीस न्हवं?" आणि पुन्हा तळवा.

प्रणितानं हात मागं ओढून घेतला. मग तिनं सेटिंग उघडलं. 'अखंड' बंद करायचं बटण पाच पानं आत होतं. कुणी सहजासहजी तिथं पोचू नये म्हणूनच ते तिथं ठेवलं होतं, आणि हेही ती विक्रेत्यांना शिकवत असे. तिनं ते दाबलं.

आवाज गेला. काच थंड पडली. पडद्यावर बारीक अक्षरं उमटली.

'संपर्क नाही. शेवटचा खरा संपर्क: सोमवार, सकाळी ७ वाजून ४१ मिनिटे.'

म्हणजे दोन दिवस ती कुणाशी बोलत होती?

वीस मिनिटांत ती गाडीत होती. मुलीला शेजारणीकडे सोपवलं, रुग्णवाहिकेच्या नंबरवर सगळं सांगितलं. वडील एकटे आहेत, अडुसष्ट वय, दोन दिवस ठावठिकाणा नाही. त्यांनी पत्ता घेतला, कोल्हापूरहून गाडी निघतेय म्हणाले, आण्णांचा नंबरही घेतला. प्रणितानं तो दिला. कात्रजच्या बोगद्यात शिरताना तिला वाटलं, चला, आपल्या आधी कुणीतरी पोचेल.

सातारा मागं पडल्यावर तिनं पुन्हा चौकशी केली.

"मॅडम, ती गाडी परत बोलावली," पलीकडचा माणूस म्हणाला.

"परत? का?"

"खात्री करायला आम्ही आजोबांना फोन केला. मी स्वतः बोललो. ते ठणठणीत आहेत. मी झ्याक हाय म्हणाले. उलट तुमचीच काळजी करत होते."

प्रणितानं गाडी कडेला घेतली.

"ते आण्णा नाहीत हो. तो फोन आहे. फोन बोलतोय त्यांच्या आवाजात."

तो माणूस अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुमच्याजवळ कुणी आहे का आत्ता?"

तिनं त्याला समजावलं, विनवलं, शेवटी ओरडली. ओरडल्यानं व्हायचं तेच झालं. तुम्ही आधी पोलिसांत कळवा, म्हणून त्यानं फोन ठेवला. पोलिसांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेही म्हणाले, थांबा, आम्ही त्यांना फोन करून बघतो. तेव्हा मात्र प्रणितानंच फोन ठेवला. जगात ज्याला ज्याला म्हणून ती मदतीला पाठवील, तो आधी आण्णांनाच विचारणार होता. आणि आण्णा सगळ्यांना झ्याक आहे म्हणून सांगणार होते.

कऱ्हाड गेलं, कोल्हापूर गेलं. रंकाळ्यापाशी एका लाल दिव्याला थांबल्यावर तिची नजर शेजारच्या सीटवरच्या फोनवर गेली. 'अखंड' पुन्हा चालू करावं आणि एकदाच आवाज ऐकावा, असं तिला फार वाटलं. खोटा तर खोटा. न जाणो, तो खरा आवाज आता पुन्हा ऐकायलाच मिळाला नाही तर? बोट बटणापर्यंत गेलं. मग तिला स्वतःचीच किळस आली, आणि तिनं फोन मागच्या सीटवर भिरकावून दिला.

गगनबावड्याच्या रस्त्यावर रुंदीकरण चाललं होतं. दरडीच्या पोटात जेसीबी उभा होता आणि त्याच्या दातांपाशी एक जाड काळी केबल, तुटलेली, लोंबत होती. तिथं झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तिनं विचारलं.

"सोमवारी सकाळी तुटली जी. तवापास्नं हिकडं सगळं मुकं पडलंय," तो म्हणाला.

खोरणेवाडीत ती पोचली तेव्हा पाच वाजले होते, उन्हं अजून टेकाडावर होती. हौसाकाकी गोठ्यात होती. प्रणिताला बघून ती शेणाच्या हातानंच बाहेर आली.

"अगं बया, तू कवा आलीस? आन् मग आत कोन बोलतंय?"

"आत?"

"मगाशी तर दूद ठेवून आले मी. दार आतनं लावल्यालं. तुज्या बापाचं आन् तुजं बोलनं चाललं हुतं आत. परवापास्नं बगतीया, कवा बी जावं तर चालूच हाय तुमचं. मी म्हनलं, लेक इतक्या मायेनं बोलतीया, आपुन कशाला मदी तडमडावं. ठिवलं दूद कट्ट्यावर आन् आले."

प्रणिता धावत सुटली. मागून हौसाकाकी.

दारापुढच्या कट्ट्यावर दुधाचे तांबे ओळीनं ठेवलेले होते. सोमवार संध्याकाळपासूनचे. जुन्यांवर माशा बसल्या होत्या. प्रणितानं दाराला कान लावला, आणि आतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"हो आण्णा, बघते मी."

आवाज तिचाच होता. लाटणं फिरवताना असायचा तसा, जरासा घाईतला, मायाळू.

"गोळी घेतलीत का?"

मग बराच वेळ काही नाही. मग कसलंतरी पुटपुटणं, घोगरं, कोरडं. आणि पुन्हा तिचा आवाज. "येते लवकर."

तिनं दाराला धक्के दिले, दार हलेना. हौसाकाकीनं तिला दंडाला धरून मागच्या अंगाला नेलं. मागच्या दाराचा आडणा जुना होता, दोघींच्या रेट्यासरशी तो निखळला.

आण्णा मोरीत पडले होते. एक पाय नको तिकडे वळलेला. बादली हाताच्या अंतरावर होती, तिच्यातलं पाणी तळाला गेलं होतं. त्या पाण्यावरच त्यांनी दोन दिवस काढले होते. ओठ चिरलेले, डोळे खोल गेलेले. छातीवर फोन होता आणि त्याच्यावर त्यांचा तळवा. ओठ हलत होते.

"पोरी... कुनाला धाडलंस का गं?"

"हो आण्णा, बघते मी," छातीवरून प्रणिताचा आवाज म्हणाला.

हौसाकाकीनं तोंडावर पदर घेतला आणि ती आल्या पावली माणसं गोळा करायला पळाली. खाटेवर घालून गाडीपर्यंत न्यायला चार माणसं तरी लागणार होती.

प्रणितानं फोन ओढून घेतला. तो घेताना तिचा तळवा काचेवर टेकला, आणि काचेतून एक हात तिच्या हाताला भिडला. लहानसा, उबदार, बोटात अंगठी असलेला. त्या हाताचा अंगठा पुन्हा पुन्हा एकाच लयीत फिरत तिला कुरवाळत होता, समजूत काढत होता. तो तिचाच हात होता. किंचाळून तिनं फोन भिंतीवर फेकला. दुसऱ्या मजल्यावरून टाकला तरी ज्याला काही होत नाही तो फोन मोरीच्या कोपऱ्यात जाऊन पडला आणि तिथून म्हणाला, "या शनिवारी नक्की."

फोननं काही मनानं रचलं नव्हतं, हे तिला तिथं गुडघ्यांवर बसल्या बसल्या कळलं. सोमवारी पाय घसरला तेव्हा आण्णांनी सगळ्यात आधी लेकीला हाक मारली होती. फोनच्या पोटातल्या लेकीनं हो म्हटलं. बघते म्हणाली, येते म्हणाली. तिनं हो म्हटलं म्हणून ते ओरडले नाहीत. दाराबाहेर हौसाकाकीच्या पायांची चाहूल लागली तरी ओरडले नाहीत, कारण लेकीनं आता माणसं धाडली आहेत, ती यायचीच आहेत, असं त्यांना वाटत होतं. नंतर ओरडायचं म्हटलं तर आवाज उरला नव्हता. आणि फोन जे बोलला ते एकूण एक वाक्य तिचं होतं. त्यानं तिच्याकडून एवढंच शिकून घेतलं होतं.

"आण्णा," ती म्हणाली, "आण्णा, मी आले."

त्यांनी डोळे तिच्याकडे वळवले. तिला बघितलं. आणि त्या डोळ्यांत सुटकेचा लवलेशही नव्हता.

"काल बी ह्येच म्हनलीस," ते म्हणाले.

"आण्णा, मी खरी आहे. बघा तरी. मी प्रणी."

"व्हय," ते म्हणाले. कुणाला वाईट वाटू नये म्हणून म्हणावं तसं. मग कोरडी जीभ ओठांवरून फिरवत म्हणाले, "एक काम कर. दुसरं मानूस बोलव. कुनी बी चालंल. तू नगो."

तिनं त्यांचा हात हातात घ्यायला हात पुढे केला. त्यांनी आपला हात झटकन मागं घेतला. दोन दिवस उपाशी पडलेल्या माणसात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. ते तिच्याकडे एकटक बघत राहिले. एखाद्या तारेकडे बघावं तसे, साहेबानं बंद म्हणून सांगितलेल्या.

मग त्यांनी सावकाश हात उचलला. तो वर आला आणि तिच्या गालाला लागला. पालथा. तीन पेरं. टक टक टक.

प्रणितानं डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिला पुढचं माहीत होतं. आता हात उलटणार होता, आता तळवा येणार होता. टेकाडाखालून माणसांचा गलका जवळ येत होता, हौसाकाकी कुणालातरी खाट आणा म्हणून हाका मारत होती. प्रणिता तशीच, गाल पुढे करून, वाट बघत राहिली.

माणसं दारात आली, तरी हात पालथाच होता.